रकाना सातवा : आजची तक्रार

द्रौपदाबाई झुलाल पाटील, वय चोपन्न, यांना श्वास घेण्यास शासनाने मंजुरी दिली ती १२ ऑगस्ट १९९३ रोजी. त्याआधीची चोपन्न वर्षं त्या विनापरवाना श्वास घेत होत्या असं कुणी उघड म्हणालं नाही, पण मंजुरीचा कागद वाचला की तसंच वाटायचं.

गाव चोपड्याहून सातपुड्याकडे निघालं की लागतं. नाव सांगत नाही. सांगितलं तर शेजारची चार गावं भांडायला उठतील, की हा मान आमचा होता.

बाईंनी चोपड्याच्या एका जिनिंगमध्ये बावीस वर्षं काढली होती. दिवसभर कापसाची तूस नाकातोंडात जायची आणि संध्याकाळी घरी आल्यावर त्याच कापसाच्या पऱ्हाटीचा धूर चुलीतून छातीत जायचा. म्हणजे कापसाने बाईंना कुठूनच सोडलं नाही. नवरा वारलेला, मुलगा सुरतेला. शेजारी बेबाबाई होती म्हणून बरं. बेबाबाईची जीभ अशी तिखट की तिच्या घरी मिरची कमी लागायची.

गावच्या ग्रामीण रुग्णालयात शिबिर भरलं तेव्हा जळगावच्या डॉक्टरांनी बाईंची छाती तपासली आणि सांगितलं, "आजी, हा आजार जुना आहे. मुळापासून जाणार नाही, पण ताब्यात राहील. हा दोन औषधांचा पंप आहे. एक औषध नळ्या मोकळ्या करतं, दुसरं आतली सूज उतरवतं. सकाळी दोन, संध्याकाळी दोन. बरं वाटलं तरी घ्यायचं, चुकवायचं नाही. हलवायचा, श्वास बाहेर सोडायचा, दाबत दाबत हळू आत ओढायचा, दहापर्यंत रोखायचा. मग गुळणी करून थुंकायचं, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी येते. आणि एकदम दम उठला तर हा नाही, त्यासाठी निळा पंप वेगळा, तो इथे रुग्णालयात असतो. कळलं?"

बाईंनी सगळं घडाघडा म्हणून दाखवलं. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईला एका दमात जे कळलं, ते पुढे शिकल्यासवरलेल्यांना चार महिन्यांत कळलं नाही. अर्थात शिकल्यासवरलेल्यांना दम लागत नव्हता.

पंप सरकारी योजनेतून आला. दोनशे मात्रांचा एक नग, बाईंच्या नावाने. आला तो भांडारपाल अभिमन बोरसे याच्या टेबलावर. अभिमन माणूस सरळ. चहासुद्धा स्वतःच्या खिशातून प्यायचा. घरी तो अहिराणी बोलायचा, पण खुर्चीत बसला की तोंडातून आपोआप परिपत्रक यायचं. त्याने पंप उलटासुलटा करून पाहिला आणि त्याला घाम फुटला. हा नग लिहायचा कुठे? गोळ्या-औषधांच्या वहीत, की खुर्च्या-टेबलांच्या? बाहेरून पाहिलं तर भांडं, आतून पाहिलं तर औषध.

त्याने जिल्ह्याला मार्गदर्शन मागितलं. दीड महिन्याने उत्तर आलं: "सदर पंपाचे पात्र ही टिकाऊ वस्तू असून आतील औषध ही उपभोग्य वस्तू आहे. सबब पात्र रुग्णालयाच्या ताब्यात ठेवून केवळ औषध रुग्णास देण्यात यावे."

"म्हणजे कसं?" बेबाबाईने विचारलं.

"पंप इथंच राहील. अक्कांनी रोज यायचं, सकाळी दहाला आणि संध्याकाळी साडेपाचला. अर्जावर सही नाहीतर अंगठा करायचा, औषध ओढायचं आणि जायचं. रविवार, दुसरा-चौथा शनिवार आणि सणवार बंद."

"अन् सुटीना दिन तिनी छाती बी सुटीवर जास का?"

अभिमनने नियम पाहिले. छातीच्या रजेबद्दल तरतूद नव्हती.

रुग्णालय बाईंच्या घरापासून पाऊण कोस. तेव्हा दम लागू नये म्हणून बाई रोज दोनदा दम लागेस्तोवर चालू लागल्या.

पण त्याआधी पंपाचं उद्घाटन झालं. सरकारी वस्तू नारळ फुटल्याशिवाय गुण देत नाही हे तुम्हाला ठाऊक आहेच. सभापती आले, मंडप पडला, द्रौपदाबाईंना हार घालून पुढच्या रांगेत बसवलं. सभापतींनी पंप तोंडाशी धरला आणि फोटोसाठी हसत हसतच दाबला, त्यामुळे औषध सगळं फोटोग्राफरला मिळालं. फोटो हलला म्हणून पुन्हा दाबला. मग उपसभापतींनी दाबला, कारण त्यांचा गट वेगळा. मग सदस्यांनी, मग सदस्यांच्या मेव्हण्यांनी. एकाने काखेत मारून पाहिला आणि "वास काही येत नाही" म्हणून नाराजी व्यक्त केली. बाई हार सावरत मोजत होत्या. तेवीस मात्रा गेल्या. अभिमनने वहीत "प्रात्यक्षिक" असं लिहिलं आणि खाली रेघ मारली.

दुसऱ्या दिवशी नवाच पेच. बाईंनी पंप ओढला, दहापर्यंत श्वास रोखला, पाण्याची गुळणी भरली आणि थुंकायला वळल्या, तर समोर भिंतभर अक्षरं: "रुग्णालयाच्या आवारात थुंकण्यास सक्त मनाई आहे."

"अक्का, गिळून टाका," अभिमन म्हणाला.

बाईंनी मानेनेच नाही म्हटलं. डॉक्टरांनी गिळायचं नाही म्हणून बजावलं होतं.

"मग आवाराच्या बाहेर जाऊन थुंका. बाहेरचं आमच्याकडे येत नाही."

बाई गाल फुगवून फाटकाकडे निघाल्या. फाटकावर चिंधा पहारेकरी. आत येणाऱ्याला न विचारणारा आणि बाहेर जाणाऱ्याची चौकशी करणारा असा तो जगावेगळा पहारेकरी होता.

"का वं अक्का, कोठे चालनी? चिठ्ठी शे का?"

बाई बोलणार कशा? त्यांनी गालाकडे बोट दाखवलं. चिंधाला वाटलं दाढ दुखते. त्याने लवंगतेलाचा उपाय सविस्तर सांगितला, स्वतःच्या सासूची दाढ कशी गेली तेही सांगितलं. तोवर बाईंचा गाल भरून आला. हे रोज दोनदा चालायचं, कारण चिंधाच्या पाळ्या बदलायच्या पण शंका बदलायची नाही. एवढं बोलणारा हा गडी रोज तंबाखूची पिंक मारायचा, ती मात्र त्याच भिंतीवर, अक्षरांच्या अगदी खाली.

तरी सांगायचं म्हणजे, औषधाला गुण आला! देवाने आणि त्या जळगावच्या डॉक्टरांनी बाईंकडे पाहिलं. दिवाळीत त्यांनी अंगण स्वतः सारवलं, मध्ये एकदाच बसल्या. पाण्याचा हंडा स्वतः उचलला. बेबाबाईचे डोळे भरून आले आणि ते लपवायला तिने बाईंना दोन शिव्या दिल्या. किती वर्षांनी ही बाई एका श्वासात पूर्ण वाक्य बोलत होती.

आणि इथेच घात झाला. सरकारी दरबारी माणूस बरा होणं फार धोक्याचं.

दिवाळीनंतर तपासणीला साहेब आले. रोजच्या अर्जात सातवा रकाना होता, "आजची तक्रार". त्यात अभिमनने पहिल्या दिवशी "दम" लिहिलं होतं आणि पुढे रोज खाली "सदर" अशी खूण केली होती. साहेबांनी चष्मा कपाळावर नेला.

"छत्तीस दिवस औषध देऊनही तक्रार कायम? मग औषध निरुपयोगी दिसतंय. योजना बंद का करू नये, याचा खुलासा द्या."

अभिमनने खुलासा दिला आणि दुसऱ्या दिवसापासून रकाना खरा भरायचं ठरवलं.

"अक्का, आजची तक्रार?"

"काही नही भाऊ. आज बरं शे."

अभिमनचा हात हवेत राहिला. "तक्रार नाही तर औषध कशाचं? निरोगी माणसाला सरकारी औषध दिलं तर तो अपव्यय होतो."

"पण डॉक्टर बोलना व्हता, बरं वाटनं तरी लेवानं."

"डॉक्टर बोलले. रकाना लिहिलेला आहे."

बाई जिनिंगमध्ये बावीस वर्षं मशीनवर होत्या. त्यांनी शांतपणे समजावलं, "भाऊ, मशीन चालू ऱ्हास तवयच तेल घालतस. बंद पडनं मंग तेल घालीसन काय करशात?"

"अक्का, मशीनला सातवा रकाना नसतो," अभिमन म्हणाला. त्यालाही वाईट वाटलं होतं, पण वाईट वाटल्याची नोंद करायला वही नव्हती.

परतताना बेबाबाई चिडली, "सांग ना त्याले, दम शे म्हणीसन! तुनं काय जास?"

पण बाईंनी हिशेब बरोबर लावला होता. दम आहे म्हणावं तर तक्रार कायम, म्हणून योजना बंद. बरं आहे म्हणावं तर पंप बंद. तरी बाई रोज गेल्या, बरं आहे म्हणाल्या आणि परत आल्या. तीन आठवडे. पंप कपाटात, कुलूप कपाटाला, किल्ली अभिमनच्या कमरेला. आत तेहतीस मात्रा शिल्लक, नोंदीत एकीचाही फरक नाही.

डिसेंबरात थंडी उतरली, गावात कापसाच्या गाड्या भरू लागल्या आणि एका मंगळवारी सकाळी व्हायचं तेच झालं. बेबाबाईने बाईंना जवळजवळ उचलूनच रुग्णालयात आणलं. ओठ निळे, मानेच्या शिरा ताठ, छाती लोहाराच्या भात्यासारखी नुसती आवाज करतेय.

खिडकीपुढे तीस-पस्तीस माणसांची रांग होती. अभिमन धडपडत उठला. त्याने कपाट उघडलं, पंप काढला आणि सोबतचा कागद वाचून तो जागीच थिजला.

"अचानक उठलेल्या दम्यासाठी हा पंप वापरू नये," त्याने मोठ्याने वाचलं. "काल आल्या असत्या तर..."

"काल येल व्हती ना रे मुडद्या!" बेबाबाई ओरडली. "काल तू बोलना, बरं शे तर जा!"

या वेळी कागदाचं बरोबरच होतं. हवा होता तो निळा पंप, आणि हवी होती नळकांड्यातली हवा. दोन्ही रुग्णालयात होतं. पलीकडच्या लोखंडी कपाटात, लाखेच्या सीलबंद कुलपाआड. वर चिठ्ठी: "आणीबाणीची औषधे. वैद्यकीय अधिकारी गैरहजर असल्यास दोन प्रतिष्ठित पंचांच्या सह्या घेऊन उघडावे." वैद्यकीय अधिकारी जळगावला मीटिंगला गेले होते. विषय होता आणीबाणीची सज्जता.

आणि आता ऐका. अभिमन बोरसे, ज्याने आयुष्यात टाचणीसुद्धा नोंदीशिवाय दिली नाही, त्याने तासाभराचा विचार एका क्षणात केला. कोरा कागद ओढला, दोन ओळी खरडल्या आणि खिडकीतून पेन बाहेर काढला.

"दोन सह्या द्या. फक्त दोन. मी आत्ता सील फोडतो."

"मना अंगठा ले!" बेबाबाई पुढे झाली.

"तुम्ही रुग्णाबरोबरच्या, तुमचा चालत नाही. रांगेतले कोणीही दोन चालतील. लवकर करा हो!"

रांगेत सगळे ओळखीचे होते. सकाळपासून ते व्यवस्थेलाच शिव्या घालत होते. निवृत्त हेडमास्तर जीवराम गुरुजी तर वर्तमानपत्र उघडून मोठ्याने म्हणत होते, "या देशात माणसाच्या जिवाला किंमत नाही!" अभिमनचा पेन त्यांच्यापुढे आला तशी त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली.

"सही करायला काही नाही हो. पण उद्या चौकशी लागली तर? माझी पेन्शन..."

सोसायटीचे माजी चेअरमन म्हणाले की त्यांनी चष्मा आणला नाही, आणि न वाचता ते सही करत नाहीत. कापसाच्या व्यापाऱ्याला एकाएकी ट्रकचा हॉर्न ऐकू आला. एकजण म्हणाला की आपण या गावचे नाहीच. दुसरा म्हणाला, "आधी कोणीतरी करा, दुसरी माझी." आधी कोणी केलीच नाही, त्यामुळे दुसरी करायची वेळ त्याच्यावर आली नाही. बघता बघता रांग निम्मी झाली. जे उरले ते भिंतीवरच्या पाट्या वाचू लागले, आणि मागून कोणीतरी सौम्यपणे म्हणालंही, "बाईंना जरा बाजूला बसवा, म्हणजे आमचं तरी होईल."

अभिमनचा पेन बराच वेळ खिडकीबाहेर होता.

शेवटी बेबाबाईने रस्त्यावर आडवं पडून केळीचा टेम्पो थांबवला. घडांवर गोणपाट टाकलं, त्यावर बाईंना घेऊन ती बसली. चोपडं दोन कोसांवर राहिलं असताना तिच्या मांडीवर द्रौपदाबाईंचा श्वास थांबला. शेवटचं त्या काय बोलल्या हे लोक बेबाबाईला विचारतात. बोलायला वारा असता तर त्या मेल्या असत्या का?

तेराव्याच्या आत गावाने मोठी निषेधसभा घेतली. जीवराम गुरुजी असं बोलले की बायका रडल्या. माजी चेअरमननी घटनेचा तीव्र निषेध करणारं निवेदन चष्म्याशिवायच वाचून दाखवलं. भांडारपाल अभिमन बोरसे याला निलंबित करावं अशी एकमुखी मागणी झाली आणि ती मान्यही झाली. निवेदनाखाली एकशे बारा सह्या आहेत. पहिली गुरुजींची, चांगली लफ्फेदार, तारखेसकट. कागद पुरला नाही म्हणून मागे जोडपत्र लावावं लागलं.

तुम्हालाही हे वाचून संताप आला असेल. साहजिक आहे, तुम्ही संवेदनशील माणसं आहात. जोडपत्रावर अजून जागा आहे. हा घ्या पेन, करा सही. आता घाबरायचं काहीच कारण नाही, बाई गेली.