गांगुर्डेंचं तीन दिवसांचं नेटवर्क

गांगुर्डे बोलताना तुमच्या तोंडाकडे बघत नाहीत. तुमच्या मागे काय झाकलं जातंय ते बघतात. आमची पहिली भेट झाली तेव्हा मी दुधाची पिशवी घेऊन गेटपाशी उभी होते. नीट उजाडलंही नव्हतं, आणि हे म्हणाले, "बाई, जरा डावीकडे सरका. तुमची सावली पडतेय."

मागाहून कळलं, ही सावली उन्हाची नव्हे, रेंजची. त्यांच्या मते माणूस म्हणजे पाण्यानं भरलेलं पिंप, आणि मोबाईलच्या लहरींना पाणी अजिबात चालत नाही. आमच्या कॉलनीतले पाटील अंगानं चांगले भरलेले. त्यांना या गृहस्थांनी एका बारशाच्या पंगतीत सांगितलं, "तुम्ही शेवटी बसा. तुमच्या मागच्या ताटांना रेंज नाही." पाटील तेव्हापासून यांच्याशी बोलत नाहीत. गांगुर्डेंना त्याचंच नवल. "मी त्यांना जाड म्हणालो का बाई? अडथळा म्हणालो," असं मलाच विचारतात.

सातपूरच्या एका कारखान्यात ते मेंटेनन्सला आहेत. पन्नाशी उलटलेली, शर्टाच्या खिशात टेस्टर आणि दोन-दोन मोबाईल. बायको गेली, मुलगी पुण्याला नोकरीला, घरी एकटेच. मी शाळेत शिकवून रिटायर झालेली, आणि चौकशी केल्याशिवाय मला अन्न पचत नाही. हा माणूस रोज संध्याकाळी गच्चीवर जाऊन हवेशी काय बोलतो, हे कळेपर्यंत मला चैन पडेना. शेवटी वर जाऊन विचारलंच, तर दोन्ही फोनवर स्वतःशीच बोलून आवाज तपासत होते. पुढच्याच रविवारी मी सायखेड्याच्या पलीकडे, गोदावरीकाठच्या एका शेतात कानाला फोन लावून उभी होते.

तिथं थंडीत हॅकर लोकांचा तीन दिवसांचा मेळा भरतो. हॅकर म्हटल्यावर मी आधी पर्स घट्ट धरली. पण ही मंडळी बँका लुटणारी नव्हेत. दिसेल ती वस्तू उघडून बघायची आणि जमलं तर पुन्हा बंद करायची, एवढाच त्यांचा उद्योग. या मेळ्यासाठी गांगुर्डे आणि चार-पाच स्वयंसेवक चक्क स्वतःचं मोबाईल नेटवर्क उभारतात. रीतसर तात्पुरती परवानगी काढून कांदाचाळीशेजारी खांब उभा करतात. जुने बटणांचे फोन, त्यात यांचंच सिम कार्ड, प्रत्येकाला आपल्या आवडीचा चार आकडी नंबर. शेताचा बांध ओलांडला की फोन मुका.

"अहो, पण सगळ्यांच्या खिशात मोबाईल आहे की!" मी म्हटलं.

"दुकानात पापड मिळतात ना? मग तुम्ही घरी कशाला लाटता?"

शेताचे मालक आप्पा मात्र खूश होते. "आमच्या शेतात कंपनीची रेंज नाय. अन् तुम्ही घरून डब्यात घालून आणली! लय भारी हाय तुमचं."

मेळ्याआधीच्या चाचणीला मला घेतलं होतं ते माझ्या आवाजासाठी. शेतभर फिरायचं, फोनवर बोलत राहायचं, आणि आवाज कुठं तुटतो ते गांगुर्डे खांबाखाली बसून टिपणार. मी आपली सुरुवात केली, "हॅलो, वन, टू, थ्री..."

"बंद करा!" गांगुर्डे ओरडले. "वन टू थ्री चालणार नाही. मधला टू गळाला तरी माणूस मनानं भरून घेतो. मला पुढचं ओळखता येणार नाही असं बोला. खरं बोला."

आता नांगरलेल्या शेतात ढेकळं तुडवत खरं काय बोलायचं? मी माझ्या नणंदेबद्दल सुरू केलं.

"नणंद इथपर्यंत स्पष्ट," गांगुर्डे म्हणाले. "नंतर काय म्हणालात ते तुटलं. परत सांगा, जरा जोरात."

मी परत सांगितलं. विहिरीवर आप्पांची मोटर चालू होती, ती त्यांनी बंद केली आणि कान देऊन ऐकायला लागले.

असं करत करत सगळ्या स्वयंसेवकांची गुपितं गांगुर्डेंच्या कानात जमा झाली होती. कुणाचं लग्न मोडलं, कोण घरी न सांगता नोकरी सोडून बसलंय, सगळं. पण या माणसाला त्यात काडीचा रस नाही. "त्याचं लग्न ना? ते चिंचेपाशी मोडलं," एवढंच यांच्या लक्षात.

मेळ्याची सूत्रं केतकीकडे. पोरगी हुशार, पण जिभेला धार. मागच्या वर्षी नेटवर्क सारखं तुटलं आणि लोक वैतागले, म्हणून यंदा तिनं निक्षून सांगितलं, "काका, जेवणाचा मांडव नदीजवळच्या खळग्यात आहे. तिथं आवाज नीट आला तर नेटवर्क ठेवू. नाहीतर वॉकीटॉकी आणणार."

गांगुर्डेंचा चेहरा उतरला. जेवण सुटलं. रजा टाकून ते खळग्यात जाऊन बसले, वरच्या बाभळीवर रेंज पुढं ढकलणारी एक जादा डबी टांगली, ती तीनदा उतरवून पुन्हा टांगली. मला राहवेना. एक खेळ तो, त्यापायी एवढा जीव कशाला काढायचा?

शेवटच्या चाचणीला मी अडून बसले. "माझ्या नणंदेचं सगळं संपलं. आज तुम्ही खळग्यात जा आणि तुम्ही बोला. मी इथं खांबाखाली ऐकते."

गेले बिचारे. फोनवर आधी नुसता वारा ऐकू आला. मग, "हॅलो. वन, टू..."

"गांगुर्डे!" मी वर्गात ओरडायचे तशी ओरडले. "खरं बोला."

पुन्हा नुसता वारा. मला वाटलं, तुटलं. मग आवाज आला.

"बाई, मला फोन कुणी करत नाही. सगळे मेसेज करतात. मुलगी पण. जेवलात का म्हणून विचारते, मी अंगठा पाठवतो. घरात फोन दिवस दिवस वाजत नाही. इथं तक्रारीचा नंबर माझा असतो. मागच्या वर्षी तीन दिवस नुसता वाजत होता. लोक चिडून बोलायचे, पण बोलायचे. वॉकीटॉकी आणली तर मला कोण बोलावणार?"

एकही शब्द तुटला नाही. केतकी धावत आली, "आलं का ऐकू?"

"अख्खं आलं," मी म्हटलं.

"काय म्हणाले?"

"ते तुझ्या कामाचं नाही. नेटवर्क ठेव."

मेळा भरला. दोनशे तंबू, ही गर्दी, सगळ्यांच्या कानाला बटणांचे फोन. खळग्यातून भाकरीची ऑर्डर जाते काय, बांधावरून गाणी ऐकू येतात काय! आणि कुठंच काही तुटेना. गांगुर्डेंनी काम इतकं चोख केलं होतं की तक्रारीला जागाच राहिली नव्हती. पहिला दिवस गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी बघते, तर हा माणूस शिडीला टेकून बसलेला, हातातला फोन उलटा-सुलटा करतोय. मला भडभडून आलं.

मी मांडवामागे गेले आणि तक्रारीचा नंबर फिरवला. "हॅलो! काय हे तुमचं नेटवर्क! काही ऐकू येत नाही इथं! ताबडतोब या!" मग केतकीला गाठून सगळं सांगितलं. ती तडक तक्रारीचा नंबर सांगत तंबूतंबूतून फिरायला निघाली.

गांगुर्डे शिडी खांद्यावर घेऊन पळत आले. माझा फोन घेतला, कानाला लावला, चार पावलं इकडे, चार पावलं तिकडे. मग माझ्याकडे बघितलं. माझ्या मागे नव्हे, माझ्याकडे.

"बाई, इथं आवाज स्वच्छ आहे."

"असेल," मी म्हटलं.

त्यांनी शिडी खाली ठेवली आणि तिथंच जमिनीवर बसले. मी चहाचा कप त्यांच्या हातात दिला. तेवढ्यात त्यांचा खिसा वाजायला लागला.

"अहो, फोन वाजतोय. उचला की!"

"उचलतो," गांगुर्डे म्हणाले. "वाजू द्या जरा."