गुर्द्यांवरचे जागले

सुखदेवमामा पेशंटशी फारसं बोलत नसत. ते त्याच्या गुर्द्यांवर टोपीसारख्या बसलेल्या दोन लहानशा गाठींशी बोलत.

साठ सालाच्या आसपास मी पुण्याहून अकोल्याच्या एका इस्पितळात नवा डॉक्टर म्हणून रुजू झालो, तेव्हा मामा पुरुषांच्या वॉर्डात अटेंडंट होते. पहिल्याच आठवड्यात एक गाडीवान आला. रक्त खूप गेलेलं, शॉकमध्ये, नाडी लागत नव्हती. मी सलाईनशी झटत होतो आणि मामा त्याच्या कमरेखाली दोन्ही हात सरकवून दरडावत होते, "ओ जागलेहो! काहून झोपून रायले बे? धनी पडला, आता तुमचीच पाळी हाय!"

गाडीवान वाचला. मी हसू दाबत विचारलं, "मामा, हे जागले कोण?"

"डाक्टरसायेब, तुमी पुस्तकं वाचली का नुसते फोटोच पायले?"

वॉर्डात येण्याआधी मामा बरीच वर्षं पोस्टमॉर्टेमच्या खोलीत होते. तिथल्या जुन्या डॉक्टरांनी त्यांना या गाठी, म्हणजे संकटात अंगाला चेतवणारा रस सोडणाऱ्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी, दाखवल्या होत्या. उजवीकडची तिकोनी, डावीकडची अर्ध्या चंद्रासारखी. शॉकमध्ये झुंजून गेलेल्या माणसाचं सगळं अंग पांढरंफटक असे, पण गाठी कधीकधी रक्तानं लालभडक सापडत. मामांनी त्यावरून ठरवून टाकलं की या गाठी म्हणजे अंगाचे जागले; शेताचा धनी झोपला तरी मचाणावरचा जागल्या शेवटपर्यंत हाकारे देतो. मी हे ऐकून मान डोलावली आणि मनातल्या मनात मामांना वेड्यात काढलं. परवा, निवृत्तीनंतर इतक्या वर्षांनी, एका तरुण डॉक्टरनं मला शॉकमधल्या रोग्याचा सीटी स्कॅन दाखवला. पोटातलं बरंचसं मलूल दिसत होतं, आणि त्या दोन गाठी मात्र लख्ख. मला मामांची माफी मागावीशी वाटली.

मामा सगळं जगच या जागल्यांवरून जोखत. हेडक्लार्क चिडले की म्हणत, "त्याईचे जागले फुकटच बोंबलून रायले." स्टोअरकीपर भरदुपारी घोरू लागला की, "याच्यात देवानं बसवलेच नाई." मलाही प्रमाणपत्र मिळालं होतं : "तुमचे जागले पुन्याचे. इचारल्याबिगर आवाज नाई करत."

मग एका उन्हाळ्यात लग्नातला मठ्ठा मला भोवला. जुलाब, वांत्या, आणि दुपारपर्यंत मीच माझ्या वॉर्डात आडवा. डोळे उघडेनात, बोलता येईना. ऐकू मात्र येत होतं. "नाडी लागत नाही" हे मी स्वच्छ ऐकलं. मी मरतोय हे कळत होतं आणि भयंकर भीती वाटत होती. कोणी सलाईनसाठी शीर शोधत होतं, कोणी धावत होतं. तेवढ्यात कमरेखाली दोन खरखरीत तळवे शिरले.

आज दरडावणी नव्हती. मामा चक्क गयावया करत होते.

"जागलेहो, पाया पडतो तुमच्या. या पोराले सोडू नका. हा मले रोज इचारते, मामा, जेवले का? साऱ्या दवाखान्यात दुसरं कोनी इचारत नाई. घरी तं इचाराले कोनी उरलंच नाई."

मला रडू आलं, पण रडायला अंगात पाणी नव्हतं.

तिसऱ्या दिवशी मी उठून बसलो. मामा शेजारच्या खाटेची चादर ओढत होते. मला त्यांच्याकडे बघायची लाज वाटत होती. तो प्रश्न मी रोज वॉर्डात शिरताना सवयीनं टाकत असे, आणि उत्तर येण्याआधीच पुढच्या खाटेपाशी पोचलेला असे.

"मामा, जेवलात का?" मी विचारलं आणि या वेळी थांबलो.

मामांनी चादरीची एक सुरकुती काढली.

"नाई," ते म्हणाले. "परवापासून नाई."

माझ्यासाठी आलेली पेज मी दोन वाट्यांत ओतली आणि खाटेवर सरकून त्यांना जागा केली.