श्रीखंडाच्या डब्यांतला गाळ

"माझ्या फ्रिजात कुठली वस्तू कुठे आहे, ते डोळे मिटून सांगेन!" सुभद्राबाई शेजारणींना छातीठोकपणे सांगत. म्हणूनच लोणच्यासाठी राखून ठेवलेल्या सहा काचेच्या बरण्यांत, फ्रिजच्या वरच्या कप्प्यात, काळाकुट्ट चिखल पाहून त्यांचं डोकंच फिरलं! पण चिखल लेकीचा, कॉलेजच्या अभ्यासाचा. टाकायचा कसा? त्यांनी तो श्रीखंडाच्या सहा रिकाम्या डब्यांत नीट भरला, बरण्यांवरच्या चिठ्ठ्या जशाच्या तशा चिकटवल्या आणि बरण्या लख्ख घासून उन्हात ठेवल्या.

संध्याकाळी हेमालीने फ्रिज उघडला आणि एक डबा बाहेर काढला.

"आई, खाडीच्या गाळातले प्लास्टिकचे बारीक कण मोजायचेत मला! आणि तू तो प्लास्टिकमध्येच भरलास?"

"मग जास्त सापडतील की!"

हेमाली ओरडली नाही. नुसती रडत राहिली. अहवालाला आठच दिवस उरले होते. सुभद्राबाईंना त्या रात्री घास गेला नाही.

सकाळी ओहोटी साधून त्या स्वतःच लेकीला घेऊन खाडीकाठी पाचूबंदरला निघाल्या. नायलॉनची साडी बाजूला ठेवून सुती नेसल्या, घासलेल्या बरण्या आणि स्टीलचा डाव घेतला. ओळखीच्या फ्लॉईडने होडी गाळाला लावली. उत्साहाच्या भरात सुभद्राबाई सगळ्यांच्या आधी उतरल्या आणि गुडघ्यापर्यंत रुतल्या! दोघांनी ओढून काढलं तेव्हा पाय वर आला, चप्पल आतच राहिली.

"मावशी, पिलास्टिक शोधायला आलाव का ठेवायला?" फ्लॉईड हसला आणि खांद्यापर्यंत हात घालून चाचपू लागला.

एक चप्पल निघाली. निळी, लहान मुलाची. मग एक काळी. मग वेफर्सचं पाकीट, सलाईनची नळी, अजून एक चप्पल. सुभद्राबाईंची काही निघेना.

"जाळ्यात पन आता हेच येतं," फ्लॉईड म्हणाला. आता तो हसत नव्हता.

सुभद्राबाईंनी हळूच विचारलं, "हेमा, रविवारी आपण निवट्या खाल्ल्या, ते मासे याच चिखलातले ना गं?"

"हो."

हेमालीने वीस पावलं पुढे जाऊन बरण्या भरल्या, झाकणं लावली आणि वही उघडली.

"आई, तुझ्या चपलेचा रंग कुठला?"

"तो कशाला?"

"त्या रंगाचे कण सापडले तर आपले म्हणून वजा करावे लागतील."

"हिरवा," सुभद्राबाई पुटपुटल्या. थोड्या वेळाने खाली मान घालून म्हणाल्या, "पट्टे गुलाबी होते."