टोरंटोचा मुऱ्हाळी

लोक सकाळी कुंपणावरून विचारतात, नळाला पाणी आलं का? आमच्या कळसाडीचे छगनबापू विचारतात, "मास्तर, टोरंटोपासून मेलबर्न कितला दूर शे?" मी तोंडातला ब्रश सांभाळत सांगतो, सोळा हजार किलोमीटरच्या वर. बापू मान हलवतात, केळीच्या बागेकडे निघतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच विचारतात. रात्रीतून अंतर थोडं कमी झालं असेल, अशी त्यांना आशा असावी.

बापूंचा मुलगा किशोर टोरंटोला, मुलगी सुनंदा मेलबर्नला. कळसाडीपासून कोण किती लांब आहे, याची बापूंनी कधी चौकशी केली नाही. त्यांना हवं ते फक्त त्या दोघांमधलं अंतर. प्रवासाला दिवसभर लागतो आणि मध्ये विमान बदलावं लागतं, असं मी सांगितलं तेव्हा ते म्हणाले, त्यात काय, धडगावला जायचं तर शहाद्याला गाडी बदलावी लागतेच. जीप भरल्याशिवाय हलत नाही आणि विमान मात्र रिकाम्या जागा घेऊन सुटतं, ही त्यांना शुद्ध उधळपट्टी वाटते.

या साऱ्याच्या मुळाशी आहे आखाजी. आमच्या खानदेशात अक्षय्य तृतीयेला लेकी माहेरी येतात आणि त्यांना आणायला भावाने जायचं असतं. त्या भावाला मुऱ्हाळी म्हणतात. बापू आयुष्यभर मुऱ्हाळी होते. त्यांची बहीण, जमनाआत्या, तापीपलीकडे दिलेली. आधी बैलगाडीने, मग एसटीने, शेवटी गुडघे धरत जीपने, पण बापू गेलेच. आत्या एकट्या सहज आल्या असत्या, पण भाऊ दारात दिसेपर्यंत त्या पिशवीसुद्धा उचलायच्या नाहीत. दोघं गावात शिरले की आमच्या गल्लीला आखाजी लागायची. निंबाला झोके, घराघरांतून सांजोऱ्यांचा वास. आत्या गेल्या आणि ते दिवसही त्यांच्याबरोबर गेले, असं मला अजून वाटतं.

यंदा दोन्ही मुलं आखाजीला यायची ठरली. बापूंनी फर्मान काढलं, किशोरने आधी मेलबर्नला जावं, बहिणीला घ्यावं, मग मुंबई. किशोरला फोनवर हसू आवरेना. सुनंदा म्हणाली, बापू, मी कामासाठी जगभर एकटी फिरते. बापू एकच धरून बसले, "पोर एकली माहेरले येत नही. भाऊ लेवाले जास."

शेवटी समजूत घालायला मला पुढे केलं. मी नकाशा दाखवला. हे म्हणजे शहाद्याहून नंदुरबारला जायला तोरणमाळ चढण्यासारखं आहे, असंही सांगितलं. बापूंनी सगळं ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाले, "मास्तर, मी शे तोवर हाई माहेर शे. मन्हा मांगे तिनं माहेर किशोरच. त्याले तिना घरनी वाट माहीत पायजे."

मी नकाशा मिटला. घरी येऊन किशोरला फोन केला आणि बापूंचे शब्द जसेच्या तसे सांगितले. त्यावर त्याने विचारलं, "मास्तरकाका, मुऱ्हाळी जाताना सोबत काय नेतात?"

मलाही नीट माहीत नव्हतं. तसाच उठून बापूंकडे गेलो आणि विचारलं. त्यांनी टोपी काढून तोंड पुसल्यासारखं केलं. खरं तर डोळेच पुसले.

"काही नको," ते म्हणाले. "तो गया म्हनजे झायं."