टॅबलेटचे दात

आमचे सदाभाऊजी कुणाचाही टॅबलेट हातात घेतला की आधी त्याचं तोंड बघतात. तोंड म्हणजे चार्जरची पिन घुसते ती फट. चष्मा कपाळावर चढवायचा, टॅबलेट उजेडाकडे धरायचा, फटीत फुंकर मारायची, एक डोळा मिटून आत डोकावायचं आणि निकाल द्यायचा, “सहादाती हाय. अजून दोन वर्सं वढील.” नाहीतर, “ह्यो जुळला. ह्याला आता पेन्शनच.”

बैलातलं ज्यांना कळत नाही त्यांच्यासाठी सांगते. बैलाचं वय दातांवरून काढतात. दोनदाती, चारदाती, सहादाती, आणि सगळे दात आले की जुळला. हे मला माहीत आहे यात माझी काही हुशारी नाही. भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. त्यांनी उभा जन्म घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात दलाली केली आणि मी उभा जन्म त्यांना चहा दिला. चहाबरोबर एवढं तर कानावर पडणारच.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या गुडघ्यांनी संप पुकारला. जाऊबाई आधीच गेलेल्या, मुलगा पुण्याकडे कंपनीत. म्हणून मी त्यांना श्रीरामपुरात आमच्या मागच्या खोलीत आणलं. महिनाभर ते अंगणात बसून रस्त्यावरच्या मोटरसायकलींची खोड काढत होते. “ही मारकी दिसती.” “ही बसनार बघा चढाला.” मग एक दिवस स्टँडजवळच्या मोठ्या इलेक्ट्रॉनिकच्या दुकानावर कापडी फलक लागला: जुना टॅबलेट आणा, गिफ्ट कार्ड घेऊन जा. आणि भाऊजी गुडघे विसरले.

आमच्या गल्लीत घरटी एक टॅबलेट होता. शाळा बंद होत्या तेव्हा पोरांसाठी घेतलेला. शाळा सुरू झाल्या आणि ते सगळे कपाटात लग्नपत्रिकांखाली जाऊन निजले.

“वैनी, घरोघर भाकड जनावरं बांधून ठेवल्यात,” भाऊजी हळहळले, “आन् येक मानूस बाजाराला न्हेत न्हाई!”

त्यांनी ती अर्धलीने घेतली. जनावर तुमचं, खपणं माझं, फळ निम्मं निम्मं. पण गिफ्ट कार्ड चालायचं त्याच दुकानात. त्यामुळे गल्लीतल्या बायकांना आपला निम्मा वाटा मिक्सरच्या भांड्यात आणि इस्त्रीत घ्यावा लागला. कुणी तक्रार केली नाही. भाऊजींनी त्यांना पटवलं होतं की टॅबलेट वैरण खातो आणि पळत नाही. बॅटरीबद्दल बोलत होते ते.

पहिल्या दिवशी मी मुद्दाम बरोबर गेले. असली करमणूक मी सोडत नाही. काउंटरवर पवार मॅडम होत्या, चाळिशीच्या, गंभीर. भाऊजींनी टॅबलेट ठेवला, खांद्यावरचं उपरणं काढलं, उजव्या हातावर पसरलं आणि तो झाकलेला हात मॅडमच्या पुढे केला.

“घाला हात.”

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. “आजोबांच्या हाताला लागलंय का?”

“लागलं न्हाई, मॅडम. सौदा करायचाय.”

मी खुलासा केला. बाजारात जनावराचा भाव तोंडाने बोलत नाहीत. चारचौघांना कळू नये म्हणून दोघं उपरण्याखाली हात घालतात आणि बोटं दाबून बोलतात. एक बोट धरलं की एक, दोन धरली की दोन, अख्खा पंजा म्हणजे पाच. वर चेहरे असे कोरडे की जणू पावसाची वाट बघताहेत.

“सौदा नाही होत, आजोबा,” मॅडम म्हणाल्या. “रेट कंप्युटर देतो.”

“मंग त्याला म्हना, घाल हात.”

मागे रांगेत उभी असलेली माणसं हसली. मॅडमही हसल्या असाव्यात, पण त्यांनी तेवढ्यात खाली वाकून काहीतरी उचललं. मग त्या म्हणाल्या, “चार्जर दिलात तर कार्ड जरा मोठं मिळेल.” चार्जर भाऊजींच्या पिशवीत होता. मला दिसत होता. पण भाऊजी ताठ झाले.

“दावं कुनी देतं व्हय जनावरासंगं? दावनीची लक्ष्मी जाती!”

विकताना जनावर द्यायचं, दावं ठेवून घ्यायचं, ही आमच्याकडची रीत. मी किती समजावलं की भाऊजी, हे दावं नाही, ही त्याची वैरण आहे. नाही म्हणजे नाही. आज त्यांच्या खोलीत खुंटीला चौदा चार्जर लटकताहेत आणि त्यातला एकही कशालाच बसत नाही.

दुसरी रीत तर विचारूच नका. घरचं जनावर बाजाराला निघालं की बाई त्याला हळदीकुंकू लावते. भाऊजींनी गल्लीत तोही नेम घातला. समोरच्या मंदाबाईंनी इतक्या मनापासून कुंकू लावलं की ते टॅबलेटच्या स्पीकरच्या भोकांत गेलं. दुकानात लावून बघितला तर त्यातून नुसती घरघर. कंप्युटरने भाव पाडला. “कंप्युटर नास्तिक हाय,” भाऊजी बाहेर येऊन म्हणाले.

तुम्ही म्हणाल, आजीबाई, दिराला हसता, तुम्ही कोण लागून गेलात? तर तेही सांगते. लग्न होऊन मी सासरच्या खेड्यात गेले तेव्हा मॅट्रिक पास होते आणि गावात मॅट्रिक पास सून मी एकटीच. हातात घड्याळ बांधायची. ते बंद होतं, पण बघायची मात्र दर पाच मिनिटांनी. एकदा घरात गाय घ्यायची ठरली आणि मी म्हटलं, “मी येते निवडायला, माणसाला सौंदर्यदृष्टी हवी.” बाजारात मी एका गाईच्या डोळ्यांवर भाळले. काय डोळे! भाऊजी बारीक आवाजात म्हणाले, “वैनी, पाय बघा.” मी म्हटलं, “तुम्ही दात बघणारी माणसं, तुम्हाला डोळे काय कळणार!” डोळे बघून मी नवरा घेतला होता, तो बरा निघाला. त्यामुळे मला वाटलं पद्धत बरोबर आहे.

त्या गाईने पहिल्या दिवशी चरवी उडवली, दुसऱ्या दिवशी मला उडवलं, आणि तिसऱ्या दिवशी सासूबाई गोठ्याच्या दारात उभ्या राहून विचारत्या झाल्या, “ही अवदसा पसंत केली कुनी?” मी घड्याळात बघत होते. भाऊजी म्हणाले, “म्या केली, आई. चुकलं.” सबंध वर्ष त्यांनी त्यावरून बोलणी खाल्ली. मी शिकलेली बाई, तोंडातून एक अक्षर काढलं नाही.

असो. टॅबलेटकडे येते. एवढ्या सगळ्या कार्डांचं भाऊजी स्वतः काही घेत नव्हते. त्यांचा निम्मा वाटा साठत होता. दुकानात काचेच्या कपाटात एक भलामोठा टॅबलेट होता, ताटाएवढा. भाऊजी त्याला मोठं खोंड म्हणत. त्यावर त्यांचा जीव जडला होता. महिनाअखेर ऑफर संपणार होती आणि खोंड हाती यायला एक जुना टॅबलेट कमी पडत होता. गल्ली पार झाडून झाली होती. राहिला होता फक्त माझा.

माझा टॅबलेट नातीने दिलेला. मी त्यावर दुपारी पत्ते खेळते. यंत्राशी खेळते आणि तरीही लबाडी करते.

“वैनी, तुमचं जनावर सोडा,” भाऊजी रोज म्हणत.

“कशाला हवंय तुम्हाला एवढं मोठं खोंड?”

“कांद्याचं भाव बघायला.”

भाऊजींकडे कांदा म्हणजे माझ्या टोपलीतला, तोही भाकरीबरोबर फोडायला. मी टॅबलेट उशाखाली ठेवून झोपू लागले.

ऑफरच्या शेवटच्या दिवशी सकाळी ते स्वयंपाकघरात आले. चहा घेतला नाही. माझ्यासमोर पाटावर बसले, तेही गुडघ्यांसकट, आणि उपरणं पसरून हात पुढे केला. आमच्या घराण्यातल्या कुठल्याही बाईने त्या उपरण्याखाली हात घातलेला नव्हता. मी घातला. भाऊजींनी माझं एक बोट धरलं. मी त्यांचा पंजा दाबला. त्यांनी दोन बोटं धरली. मी पुन्हा पंजा दाबला. मजा येत होती.

“पाच? लई व्हतंय, वैनी. कशाचे पाच?”

“पैसे नकोतच मला. खरं कारण सांगा आणि घेऊन जा.”

भाऊजींचा चेहरा बाजारातल्यासारखा कोरडाच राहिला. पण हात त्यांनी काढून घेतला नाही.

“यासीनला लकवा मारलाय,” ते म्हणाले. “काष्टीच्या.”

यासीनभाईंचं नाव मी चाळीस वर्षं ऐकत होते. घोडेगावच्या बाजारात विकणाऱ्याच्या बाजूने भाऊजी, घेणाऱ्याच्या बाजूने यासीनभाई. भर उन्हात एकमेकांचे वाडवडील काढायचे आणि मग लिंबाखाली एकाच फडक्यातली भाकरी खायची.

“वाचा गेली. उजवा हात गेला. डाव्याची बोटं हालत्यात. घरचे म्हनत्यात झटके येत्यात. मागल्या खेपंला ग्येल्तो तवा गोधडीखाली त्यानं माझी तीन बोटं धरली, मंग अर्धं, म्हंजी साडेतीन. झटके न्हाईत, वैनी. सौदा करत हुता त्यो.”

“मग जाऊन बसा की त्यांच्यापाशी.”

“तीन गाड्या बदलाव्या लागत्यात. ही गुडघी न्हेतात व्हय दर आठवड्याला? म्हनून म्हनलं, त्याच्यापाशी ह्ये ठेवावं आन् घोडेगावच्या बाजारातनं, तितं येकच गाडी लागती, माझ्या फोनवरनं त्याला जनावरं दावावी. तेंच्या घरच्या फोनवर खोंड शेळीयेवढं दिसतं. त्याला अंगावरचा केसांचा भवरा दिसाय पायजे. भवरा बघितल्याबिगर यासीन सौदा करत न्हाई.”

मी उठून उशाखालून टॅबलेट काढला. चार्जर मात्र त्यांनी माझ्याकडेच ठेवायला लावला.

पुढच्या आठवड्यात आम्ही ताटाएवढा टॅबलेट घेऊन काष्टीला गेलो. यासीनभाई खाटेवर होते, मिशी मात्र ताठ. सून शबाना म्हणाली, “ओळखतात की नाही, सांगता येत नाही आता.” आमच्यातल्या पत्तेवालीला तज्ज्ञ नेमण्यात आलं. मी उशीला टेकवून टॅबलेट उभा केला आणि शबानाला फार अधिकाराने सगळं समजावलं. दुसऱ्या दिवशी बाजार होता. भाऊजी पहिल्या एसटीने घोडेगावला गेले, मी यासीनभाईंपाशी राहिले.

दहाच्या सुमाराला टॅबलेट वाजला. पडद्यावर आधी भाऊजींचं नाक आलं, मग धूळ, मग एक पांढरंशुभ्र खिल्लार खोंड, एवढं मोठं की शबाना मागे सरकली.

“यासीन! बघ! चारदाती! भवरा बघ, पाठीवर!”

यासीनभाईंचे डोळे उघडले. डावा हात गोधडीतून बाहेर आला. दोन बोटं उभी राहिली.

“दोन?” भाऊजी तिकडून ओरडले. “लाज वाटती का? मालक हितं उभा हाय, ऐकंल त्यो!”

खाटेवर काहीतरी खरखरलं. शबानाने तोंडाला पदर लावला. तिचे सासरे हसत होते.

मग बैल आले, गाई आल्या, भाऊजींनी एक म्हैसही दाखवली. बोटं उठत होती, पडत होती, तिकडून शिव्या येत होत्या. मी दुभाषी झाले होते. “तीन म्हणतात!” “एकच म्हणतात, भाऊजी, हा बसका आहे म्हणे, चढाला बसणार!” बसका मी माझ्या पदरचं घातलं. एवढं महत्त्व मला मॅट्रिक झाल्यावरसुद्धा मिळालं नव्हतं.

शेवटी परत तेच पांढरं खोंड आलं. यासीनभाईंनी अख्खा पंजा उघडला आणि पडद्याकडे केला.

“पाच!” मी ओरडले. “पाच म्हणतात! घेऊन टाका!”

पडद्यावरून खोंड बाजूला झालं आणि भाऊजींचं नाक जवळ आलं. यासीनभाईंचा पंजा आणखी पुढे गेला. बोटं काचेवर टेकली, घसरली, परत टेकली. मी आणखी मोठ्याने म्हटलं, “अहो पाच! ऐकू येतंय ना? पाच!”

“वैनी,” भाऊजी म्हणाले, “त्यो भाव न्हाई करत.”

आणि पडदा काळा झाला. मी तज्ज्ञपणाने म्हटलं, नेटवर्क गेलं. तासभर मी बटणं दाबत होते. यासीनभाईंचा हात गोधडीवर तसाच उघडा पडला होता.

दिवे लागायच्या आधी अंगणात काठीचा आवाज आला. भाऊजी होते. टोपीवर धूळ, धोतराला शेण, एका पायावर सगळा भार. बाजार अर्ध्यावर टाकून, तीन गाड्या बदलून आले होते. मी म्हटलं, “अहो, गुडघे!” त्यांनी ऐकलं नाही. खाटेच्या कडेला बसले, यासीनभाईंचा डावा हात आपल्या हातात घेतला आणि भिंतीकडे बघत राहिले. यासीनभाईही भिंतीकडेच बघत होते. दोघांचे चेहरे पावसाची वाट बघणाऱ्यांसारखे.

शबाना चहाचा कप घेऊन पुढे आली. “घ्या काका.”

“खाली ठेव, पोरी,” भाऊजी म्हणाले. “हात मोकळा न्हाई.”