उजवीकडची, मागसून हसणारी

तातूकाका माणसाला चेहऱ्यानं ओळखत नाहीत, खोकल्यानं ओळखतात.

नजर अधू आहे असं नाही. या वयातही सुईत दोरा पहिल्या फटक्यात ओवतात. पण गेली पस्तीस वर्षं ते आमच्या गावच्या हौशी नाट्यमंडळाचे प्रॉम्टर आहेत. देवळाशेजारच्या रंगमंचावर डावीकडच्या विंगेत एक स्टूल, हातात नाटकाचं पुस्तक, पुस्तकावर बॅटरीचा उजेड. तिथून त्यांना दिसते ती नटाची पाठ. समोरचे प्रेक्षक त्यांनी कधी पाहिलेच नाहीत, फक्त ऐकले. त्यामुळे आमचं अख्खं गाव त्यांच्या लेखी वेगवेगळ्या आवाजांचा ढीग आहे, आणि तो ढीग त्यांनी नीट निवडून ठेवलाय.

एकदा मालवणच्या स्टँडवर आम्ही दोघं गाडीची वाट बघत होतो. मागे कोणीतरी शिंकलं. काका मान न वळवता म्हणाले, "शिरपाद, वयनी बरी आसा मां?" मागे खरंच श्रीपाद होता. वहिनी बरी होती. श्रीपादला मात्र पुढचा तासभर शिंकायची भीती वाटत होती.

दुसरी गोष्ट म्हणजे त्यांचा आवाज. प्रॉम्टरचं बोलणं नटाला ऐकू जावं आणि पहिल्या रांगेला जाऊ नये. पस्तीस वर्षं हे तंत्र सांभाळून काकांचा आवाज कुजबुजीतच मुरला. घरी, देवळात, बाजारात, ते सगळीकडे कुजबुजतात. बाजारात त्यांनी सौंदाळ्यांचा भाव विचारला की कोळीण गुपित असल्यासारखी पुढे वाकते आणि तीही कुजबुजत कमी भाव सांगते, शेजारणीला कळू नये म्हणून. माझ्या लग्नात नंदा उखाणा घेताना नेमकी नावाशी लाजून थांबली. तोच मांडवाच्या कनातीमागून माझं नाव आलं, कुजबुजत. "तुमचं नाव पहिलं तातूकाकांनी घेतलं," असं नंदा अजून सांगते, आणि त्यात तिचं काही हरवल्यासारखं वाटत नाही.

मी मंडळाचा सेक्रेटरी. ज्याला अभिनय येत नाही पण घरीही बसवत नाही, त्याला आमच्याकडे सेक्रेटरी करतात. त्याआधी मला एकदा हवालदाराचं काम दिलं होतं. वाक्य एकच होतं, "साहेब, गाडी तयार आहे." मी 'साहेब'शी अडकलो. विंगेतून काका म्हणाले, "गाडी." मी म्हणालो, "गाडी," आणि निघून गेलो. त्या वर्षीचा सगळ्यात मोठा हशा तोच होता. नाटक शोकांत होतं.

तर टाळेबंदी आली तेव्हा आमचं नवं नाटक अगदी तयार होतं. तीन अंकी, विनोदी. पडदे रंगवून झाले होते, दाढ्यामिशा आणल्या होत्या, आणि देवळाचा उत्सवच रद्द झाला. रंगमंचाच्या वाटेवर आडवा बांबू बांधून त्याला कुलूप लागलं. फोनवर कमिटीची सभा झाली. आपला प्रेक्षक तुटता कामा नये, एकदा घरी टीव्हीसमोर बसायची सवय लागली की परत यायचा नाही, असं ठरलं. जबाबदारी अर्थातच सेक्रेटरीवर.

मी व्हॉट्सॲपवर रसिकांचा ग्रुप काढला. दोन दिवसांत तो काढ्याच्या कृतींनी भरला. काढ्यात लवंग घालावी की मिरी, यावरून दोघं ग्रुप सोडून गेले. मग मी लाइव्ह कार्यक्रम केला. आमच्याकडे रेंज फक्त चिरेखाणीच्या टेकाडावर येते. तिथे उभा राहून मी नाटकातला उतारा वाचला. वाऱ्यानं अर्धा नेला. सात जणांनी बघितला. त्यातले पाच आमचेच नट होते, मी कुठे चुकतो ते बघायला बसलेले.

मग फोनवर पुन्हा सभा झाली. शेवटी काका म्हणाले, "माणसां बघूक कित्याक होयी? ती हसतत काय नाय, ता आयकला की झाला."

दुसऱ्या दिवशी त्यांनी एक जुनी वही काढली. त्यात आमचे प्रेक्षक होते, नावानं नव्हे, आवाजानं. 'मागची रांग, डावीकडे. कोरडो खोकलो, दुसऱ्या अंकात वाढता.' 'मधलो. हसताना मांडी आपटता, पण शेजाऱ्याची.' 'दोन भयणी. एक हसली की दुसरी काय झाला म्हणान इचारता.' रोज पाच वाजता काका टेकाडावर जायचे आणि एकेकाला फोन लावायचे. पलीकडून हॅलो आलं की नव्या नाटकातलं हमखास हशाचं वाक्य म्हणायचे. त्यात जावई सासऱ्याला आचारी समजतो आणि बजावतो, "मीठ जरा बेतानं घाल रे, सासरा रक्तदाबवाला आहे." पलीकडचा हसला की तो आवाज वहीत शोधायचा आणि खूण करायची. म्हणजे तो माणूस बरा आहे आणि प्रेक्षक म्हणून शाबूत आहे.

पण त्या दिवसांत फोन उचलावा आणि नुसती कुजबुज यावी, तीत 'रक्तदाब' एवढाच शब्द कळावा, याचा अर्थ लोकांनी घ्यायचा तोच घेतला. दोन दिवसांत गावभर झालं की तातूला कोरोना झाला. आरोग्य केंद्राच्या आशाताई मास्क लावून, ऑक्सिजन मोजायचं बोटाचं यंत्र घेऊन दारात आल्या. दम लागतो का, त्यांनी विचारलं. काका कुजबुजले, "नाय." ताईंनी 'आवाज खोल गेलाय' असं लिहून घेतलं. मोठ्यानं बोलून दाखवा म्हणाल्या. काकांनी प्रामाणिक प्रयत्न केला, पण पस्तीस वर्षं दाबून ठेवलेला आवाज एका आशाताईंच्या सांगण्यावरून थोडाच वर येणार. यंत्रावर अठ्ठ्याण्णव आलं. ताई गोंधळल्या. तेव्हा काकांनी त्यांनाच ते वाक्य ऐकवलं. त्या मास्कमध्ये हसल्या आणि काकांनी घाईनं वही काढली, 'मधली रांग, नाकातसून हसणारी,' खूण केली.

मे महिन्यापर्यंत वही संपत आली. ज्यांच्याकडे फोन नव्हता त्यांच्या बेड्यापाशी, म्हणजे कुंपणाच्या दाराशी, उभं राहून काकांनी वाक्य म्हटलं. एकच नोंद उरली. 'उजवीकडची, मागसून हसणारी. बाईमाणूस.'

हिचं हसू आम्हा सगळ्यांना माहीत होतं, पण मंडळाची माणसं पडद्याआड, ती कोण हे कुणी बघितलं नव्हतं. सगळ्यांचं हसून झालं, नट पुढचं वाक्य उचलणार, इतक्यात हिचं हसू यायचं. एकटं, मोकळं, भलत्या जागी. नट वैतागायचे. काकांना मात्र तिच्याशिवाय चैन नव्हतं. गावातल्या झाडून सगळ्या बायका त्यांनी हसवून पाहिल्या. ती मिळेना.

तेव्हा ग्रुपवर काढ्यांच्या जागी हार घातलेले फोटो येऊ लागले होते. काका रोज सकाळी आमच्या बेड्याशी येऊन विचारायचे, "आज कोणाचो फोटो? बाईमाणूस काय?" मी नाही म्हटलं की परत जायचे. होय म्हटलं की तिथेच उभे राहायचे आणि विचारायचे, नाटकाला कुठे बसायची. एकदा मी म्हणालो, कोणी मुंबईची चाकरमानी असेल. ते म्हणाले, "चाकरमानी मे म्हयन्यात येतत. ही कार्तिकातल्या नाटकाक पण होती." मला तेव्हा वाटलं, एका हसण्यासाठी माणसानं किती जीव टाकावा.

शोध लागला तो माझ्यामुळे, म्हणजे माझ्या पडण्यामुळे. एके सकाळी मी डोक्यावर फणस घेऊन परसातून येत होतो. आईनं कोकमांसाठी सुकत घातलेल्या रातांब्यांतला एक घरंगळून वाटेत आला होता. त्यावर माझा पाय पडला आणि मी शेजारच्या गडग्याच्या, दगडी कुंपणाच्या, बुडाशी फणसासकट आडवा झालो. अंगणात नंदा आणि आई पोट धरून हसल्या. फणस फुटला नाही ना, हे दोघींनी आधी बघितलं. त्यांचं हसून संपलं. मी उठून धूळ झटकली. आणि मग गडग्यापलीकडून हसू आलं. एकटं, मोकळं.

बेड्याशी काका उभे होते, सकाळचा प्रश्न घेऊन. त्यांनी खांब घट्ट धरला. "हीच ती," ते कुजबुजले.

गडग्यापलीकडे येसूकाकी होती. आमची शेजारीण, एकटीच राहते. गावात तिच्यासारखी गुणी बाई नाही असं सगळे म्हणतात, कारण ती कुणाच्याही बोलण्याला होय म्हणते. काकांनी तिलाही आठवड्यापूर्वी वाक्य म्हणून दाखवलं होतं. ती "होय" म्हणाली होती. काकांनी 'रसिक नाय' असं लिहून टाकलं होतं.

काका गडग्याशी गेले. विचारलं, तू नाटकाला येतेस ना? "होय." उजवीकडे बसतेस? "होय." मी गमतीनं विचारलं, चंद्रावर जाऊन आलीस? "होय तर," काकी म्हणाली.

नंदाच्या ते आधी लक्षात आलं. माझं पडणं काकीला गडग्याआडून दिसलंच नव्हतं. तिला दिसल्या होत्या या दोघी, हसताना. नंदानं स्वतःच्या कानाला बोट लावलं आणि प्रश्नार्थक हात फिरवला.

काकी जरा ओशाळली. मग मोठ्या आवाजात म्हणाली, "आयकाक येना नाय गो. चौदा वर्सां झाली. कोणाक सांगूक नाय."

नंदानं देवळाकडे बोट केलं, पडदा उघडल्यासारखे हात केले.

"नाटकाक मी तुमका बघूक येतंय," काकी म्हणाली. "इतकी माणसां एकदम हसतत, ती आणि खंय बघूक मिळतली?"

म्हणून ती उजवीकडे कडेला, खुर्ची तिरकी करून बसायची. पाठ रंगमंचाकडे, तोंड प्रेक्षकांकडे.

काका निघाले. मी बेड्यापर्यंत गेलो. ती सापडली, धडधाकट आहे, मग यांचा चेहरा का उतरला, कळेना. तेच म्हणाले, "सगळ्यांचा हसून झाला काय फुडला वाक्य पयला मी म्हणतंय, मगे नट म्हणता. सगळे नटाक हसतत. ही एकलीच मागसून हसायची. माका वाटायचा, तिना माझा आयकला."

त्यांनी वही माझ्या हातात दिली आणि गेले. पुढचे तीन दिवस आले नाहीत.

चौथ्या दिवशी चार वाजता आले ते धुतलेला सदरा घालून, काखेत नाटकाचं पुस्तक. आमच्याकडे न येता सरळ काकीच्या अंगणात गेले. तिला खुर्ची आणून दिली, स्वतः लांब माडाखाली उभे राहिले, आणि करू लागले. हातात पळी धरल्यासारखा आचारी, मिशीला पीळ देणारा जावई, छाती धरणारा सासरा. तातूकाकांना मी पहिल्यांदाच समोरून बघत होतो. फार वाईट करत होते. काकीनं थोडा वेळ पाहिलं, मग नेहमीच्या सवयीनं खुर्ची तिरकी केली आणि आमच्या रिकाम्या अंगणाकडे बघत बसली.

काका गडग्याशी आले. "गो नंदा, सगळी हयसर बसा. तोंडावरचा मास्क काडा. मी हात वर केलंय काय हसा."

आम्ही गडग्यालगत ओळीनं बसलो. आईनं पाट आणला. काका तिकडे कुजबुजत होते. आम्हाला एक शब्द ऐकू येत नव्हता, काकीला येणार नव्हता. हात वर झाला. मी आणि नंदा उगाच हसलो. पण सासऱ्याला झीट आली तेव्हा काकांचा सदरा माडाच्या झावळीत अडकला, आणि आई खरीच हसली. तिला आवरेना, म्हणून आम्हालाही. आमचं संपलं, आणि मग काकीचं आलं.

काका पुढच्या वाक्यासाठी तोंड उघडून तसेच राहिले. पुस्तकात बोट घालून ते तिच्याकडे बघत होते. तिचं हसून पुरतं संपेपर्यंत त्यांनी पुढचं काही केलं नाही.

काकीनं डोळे पुसले, खुर्ची त्यांच्याकडे वळवली आणि मोठ्यानं विचारलं, "ह्यो मेलो कोण? आणि तेका झीट कित्याक इली?"

काका दुसऱ्या अंकात होते. त्यांनी पुस्तक मिटलं, पहिल्या पानावर उघडलं, आणि सासरा घरातून बाहेर पडतो तिथून सुरुवात केली.