फोटोच्या पोटातली वेळ

आमच्या भानुदासभाऊंना कुणी "फोटो व्हॉट्सॲपला टाका" असं म्हटलं, की ते आधी गिऱ्हाइकाकडे बघतात आणि मग पंखा बंद करतात. पंखा बंद झाला म्हणजे गिऱ्हाइकानं उठावं, असा त्यांच्या स्टुडिओतला रिवाज आहे. कोपरगावच्या उन्हाळ्यात तो लवकर कळतो.

बसस्टँडच्या मागच्या गल्लीत त्यांचा स्टुडिओ आणि त्याला लागून माझं स्टेशनरीचं दुकान. मधे एक पातळ भिंत. त्यामुळे त्यांची सगळी भांडणं मला जागेवर बसून ऐकू येतात, आणि खरं सांगायचं तर दुपारच्या वेळी माझा तेवढाच विरंगुळा असतो.

"फोटो म्हंजी नुसतं तोंड न्हाई," भाऊ समजावत असतात. "त्याच्या पोटात तारीख हाय, वेळ हाय, कोन्च्या कॅमेऱ्यानं काढला ते हाय. व्हॉट्सॲपला टाकला की सगळं गळून जातं. नुसतं तोंड उरतं. पेनड्राइव्ह आना, घेऊन जावा."

"तारीख मला ठाऊक हाय की भाऊ. माझंच लगीन हुतं."

"आज ठाऊक हाय," असं म्हणून भाऊंचा हात पंख्याच्या बटणाकडे जातो.

त्यांच्या कॉम्प्युटरवर प्रत्येक लग्नाचे तीन फोल्डर असतात. 'मूळ', 'काम' आणि 'गिऱ्हाईक'. कॅमेऱ्यातून निघालेला फोटो जसाच्या तसा 'मूळ'मध्ये जातो आणि त्याची एक जोडप्रत कपाटातल्या हार्डडिस्कवर. त्यातलं काही पुसायचं नाही, अगदी डोळे मिटलेला नवरदेवसुद्धा. 'मूळ' उघडताना तोंडात तंबाखूचा मावा चालत नाही. गोरं करणं, पोट आत घेणं, मागचा पाण्याचा टँकर काढून टाकणं, हे सगळं 'काम'मध्ये, नकलेवर. आणि तयार फोटो 'गिऱ्हाईक'मध्ये टाकताना पोटातली माहिती सोबत ठेवायची एक बारीक खूण स्क्रीनवर करावी लागते. ती विसरू नये म्हणून त्या जागी काचेवर एक लाल टिकली चिकटवलेली आहे. टिकली अर्थातच भाऊंच्या बायकोची, इंदूवहिनींची.

या पोटातल्या माहितीपायी एकदा एक सोयरीक मोडली. मुलाकडच्यांनी भाऊंकडून मुलाचा देखणा फोटो पेनड्राइव्हवर नेला आणि मुलीकडे दिला. मुलगी कॉम्प्युटर शिकलेली. तिनं फोटोची माहिती उघडली, तर फोटो मुलगा कॉलेजात असतानाचा निघाला. मधल्या काळात मुलाचे केस गेले होते आणि वजन आलं होतं. मुलाचे मामा तणतणत आले. "भाऊ, तेवढी तारीख काढून टाकता येत नव्हती व्हय?"

"तारीख खरी हाय," भाऊ म्हणाले. "भाचा जुना दिलाव तुमी."

पंखा बंद झाला, तरी मामा बराच वेळ उठले नाहीत.

आता इंदूवहिनींबद्दल. भाऊ फोटो काढायचे आणि कॉम्प्युटरचं सगळं काम वहिनी करायच्या. लग्नात दुसरा कॅमेरा घेऊन बायकांच्या घोळक्यात शिरायच्या त्याही वहिनीच. मला त्या 'ताई' म्हणायच्या आणि माझ्याकडचा चहा 'पानी हाय नुसतं' म्हणत रोज प्यायच्या. त्यांना एकच भीती होती, उशिराची. कारणही होतं. पुणतांब्याच्या एका लग्नात भाऊ हारांची सजावट टिपत नवरीच्या घरीच रेंगाळले आणि दोघं मांडवात पोचली तेव्हा अक्षता पडून पंगती बसल्या होत्या. नवरा-नवरीला जेवणावरून उठवून, दोघांची तोंडं पुसून पुन्हा अक्षता टाकायला लावल्या. त्या फोटोंत नवरदेवाच्या मिशीला बुंदी दिसते.

त्या दिवसापासून वहिनींनी घरातली सगळी घड्याळं पुढे केली. आमच्याकडे हे घरोघर चालतं, पण वहिनींनी भाऊंच्या कॅमेऱ्याचंही घड्याळ पुढे केलं. भाऊंनी आकाशपाताळ एक केलं. "अगं, फोटोच्या पोटात खोटी वेळ घातली तू!"

"तुमी भिताडाकडं बघत न्हाई, माझ्याकडं बघत न्हाई, बघता ते कॅमेऱ्यात," वहिनी म्हणाल्या. "मग वेळ तिथंच पुढं पायजे. गिऱ्हाइकाच्या पेनड्राइव्हवर मी खरी करून देते. हितं कॉम्प्युटरात माझी राहू द्या."

किती पुढे केली, ते मात्र त्यांनी सांगितलं नाही. सांगितलं तर तुम्ही तेवढं वजा करून निवांत बसाल, असं त्यांचं म्हणणं होतं.

वहिनी गेल्या त्याला दोन पावसाळे झाले. आजार मोठा होता आणि कळला उशिरा. पुण्याहून मुलगी आली होती. परत जाताना तिनं चांगल्या मनानं, बाबांच्या गोळ्या चुकू नयेत म्हणून, घरातली सगळी घड्याळं बरोबर लावली. नंतर भाऊ एकाच कॅमेऱ्यावर लग्नं करू लागले आणि कॉम्प्युटरवर दोन बोटांनी बसू लागले. पलीकडून भांडणं ऐकू यायची, तेवढ्यावर मी समजायचे की ठीक चाललं आहे.

गेल्या महिन्यात कॅमेरा बिघडला. नगरला दुरुस्तीला पाठवला आणि संध्याकाळच्या एसटीनं परत आला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान उघडलं तर शेजारचं शटर अर्धंच वर. वाकून पाहिलं. भाऊ कॅमेरा मांडीवर घेऊन बसले होते.

"काय झालं भाऊ? नीट नाही झाला का?"

"झाला की. लई चांगला झाला." त्यांनी कॅमेरा माझ्यापुढे धरला. "त्यांनी घड्याळ बी बरोबर लावून दिलं."

"मग बरंच झालं," असं मी म्हटलं आणि त्यांचा चेहरा पाहिल्यावर कळलं, आपण काय बोलून गेलो. घरातली घड्याळं मुलीनं बदलली होती. वहिनींची वेळ चालत होती ती फक्त या कॅमेऱ्यात, आणि ती किती पुढे होती हे जगात आता कुणालाच माहीत नव्हतं.

"भाऊ, घड्याळ दिसतंय असा एखादा जुना फोटो असेल. त्यावरून काढू."

"कुनाचं घड्याळ? समद्यांची पुढंच असत्यात." मग ते एकदम थांबले. "ताई, ती मोबाईल धरायची."

"कुठे?"

"हरएक लग्नाच्या सुरुवातीला. दोनी कॅमेऱ्यांपुढं आपला मोबाईल धरायची आन म्हनायची, दाबा बटन. मी दाबायचो. कशाला, ते कदी इचारलं न्हाई."

म्हणजे सगळी घड्याळं पुढे करणाऱ्या वहिनींनी स्वतःच्या मोबाईलची वेळ मात्र खरीच ठेवली होती! दोन कॅमेऱ्यांची वेळ जुळवायला त्या मोबाईलवरची खरी वेळ टिपून ठेवत होत्या. भाऊंनी चूळ भरली, हात पुसले आणि 'मूळ' उघडलं.

पहिल्या लग्नाचा पहिला फोटो. वहिनींचा हात, हातात मोबाईल, त्यावर लख्ख वेळ. भाऊंनी फोटोच्या पोटातली वेळ उघडली आणि मला म्हणाले, "करा वजाबाकी." दुसरं लग्न. तोच हात, बोटाला हळद. फरक तेवढाच. तिसरं, चौथं, प्रत्येक लग्नात फरक तेवढाच. किती, ते मी इथे लिहिणार नाही. वहिनींनी नवऱ्याला सांगितलं नाही, तर मी तुम्हाला कशाला सांगू?

उत्तर केव्हाच मिळालं होतं, पण भाऊ थांबेनात. एकेक लग्न उघडत गेले. हात हळूहळू बारीक होत गेला. मनगटावर घट्ट बसणाऱ्या हिरव्या बांगड्या शेवटच्या लग्नात पार कोपराकडे घसरल्या होत्या, आणि हातामागे धूसर दिसणारा चेहरा तरी हसतच होता. मला रडू आलं. भाऊंनी पंखा मोठा केला आणि कितीतरी वेळ त्या हाताकडे बघत राहिले.

मग त्यांनी कॅमेऱ्याचं घड्याळ वहिनींच्या वेळेवर लावलं. स्वतःचा मोबाईल डाव्या हातात समोर धरून बटण दाबलं, दोन्ही वेळा ताडून पाहिल्या आणि कॅमेरा गळ्यात अडकवला.

"निघालात कुठे?"

"लगीन हाय, संवत्सर गावाला."

"किती वाजता?"

"दुपारनंतर."

माझ्या दुकानापुढची झाडलोटही अजून व्हायची होती. मी म्हटलं, "भाऊ, मांडवात आता चिटपाखरूही नसेल."

"नसू द्या," भाऊ गाडीला किक मारत म्हणाले. "तिला उशीर चालत न्हाई."